शिदोरी की खाणावळ?

प्रवासात शिदोरी न्यावी की खाणावळीवर विसंबावे, हा आमच्या घरचा जुना वाद. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही तोच पेच! लिंकर लागणारी लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच भरतो, ते स्टॅटिक लिंकिंग. नुसते तिचे नाव टिपून ठेवतो आणि चालवतेवेळी तिचा शोध घेतला जातो, ते डायनॅमिक.

मी पक्का शिदोरीवाला. नव्या लिनक्स यंत्रावर नेला तरी माझा प्रोग्रॅम मुकाट्याने चालतो; 'अमुक लायब्ररी सापडत नाही' ही रड नाही. बोजा वाढतो, तो वाढो!

ही ऐट एप्रिल २०१४ मध्ये उतरली. ओपनएसएसएल या लायब्ररीतले 'हार्टब्लीड' हे भगदाड उघडकीस आले. एकेका मागणीला ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती परक्याच्या हाती पडे. तीत पासवर्डही असायचे. मी सर्व्हरवर दुरुस्त लायब्ररी घातली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले आणि निर्धास्त झोपलो. खाणावळवाले सारे त्याच रात्री बरे झाले. माझ्या लाडक्याच्या पोटात मात्र जुनीच प्रत! चौथ्या दिवशी ध्यानात आले. तो नव्याने लिंक केला, किल्ल्या बदलल्या. पण 'पासवर्ड बदला' असे लोकांना कळवताना मान खाली गेली.

शिदोरी मी अजूनही बांधतो. फक्त डब्यात काय काय भरले, त्याची यादी जवळ ठेवतो. खाणावळीतले वरण विटले तर गावभर बोभाटा होतो आणि आचारी ते बदलतो. डब्यातले विटले, तर ज्याचे त्यालाच हुंगावे लागते.