दिवेआगरची ‘रिकामी’ जागा मोबाईलवर : जाहिरात फुकट, पण गिऱ्हाईक कोण?

श्रीवर्धन : दलाल नको, कमिशन नको. मोबाईलवर चार फोटो टाकायचे, ‘समुद्रापासून चालत पाच मिनिटे’ असं लिहायचं आणि फोनची वाट बघायची. ओएलएक्स, नाइन्टीनाइन एकर्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर किनारपट्टीच्या जमिनी विकण्याची ही पद्धत आता रुळली आहे. दलालाचे एक-दोन टक्के वाचतात, हे खरंच. पण दलाल गावात फिरून, तलाठ्याकडे बसून जे काम करायचा, ते आता मालकाच्या अंगावर येतं, आणि ते न करताच जाहिरात पडते. खरी अडचण इथे आहे.

मुळात दिवेआगरात ‘रिकामी’ जागा म्हणजे काय? पुढे घर, मागे नारळ-सुपारीची लांबट वाडी, अशी इथली वस्ती. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड लागतं व्हायला पाच-सात वर्षं जातात. ज्यांची मुलं मुंबई-पुण्याला आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना पुन्हा लागवड करण्यापेक्षा विकलेलं बरं वाटतं. त्यात दिघी बंदर, केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेलं दिघी औद्योगिक क्षेत्र आणि रेवस-रेडी सागरी महामार्ग यांची चर्चा. भाव वाढणार, असा सगळ्यांचा हिशेब. मग पडलेली वाडी जाहिरातीत ‘प्लॉट’ होते.

सातबारावर मात्र ती शेतीच असते.

हजार फोन, त्यातले चालणारे किती?

कूळकायद्याच्या (1948) कलम 63 प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकता येत नाही. जाहिरात बघून फोन करणारा मुंबईचा नोकरदार ‘सी व्ह्यू’वर खूश होतो, पण त्याच्या नावावर कुठेच सातबारा नसतो. म्हणजे जाहिरात पोचते हजारांपर्यंत, कायद्याने घेऊ शकतात मोजकेच. जमीन बिनशेती आहे की शेती, आणि घेणारा शेतकरी लागेल का, हे पहिल्याच ओळीत लिहिलं तर निम्मे फोन आपोआप कमी होतात. ते लपवलं की टोकन घेतल्यावर व्यवहार अडतो आणि पैसे परत करण्यावरून भांडण होतं.

कोकणातल्या बऱ्याच सातबाऱ्यांवर, इतर हक्कात, ‘कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो. ती कुळाला मिळालेली जमीन. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीचा दाखला मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती विकता येते, पण घेणारा शेतकरीच लागतो. शेरा न बघता जाहिरात टाकणं म्हणजे लग्न ठरवून मग मुलगी विचारण्यासारखं.

समुद्राजवळच्या जागेला आणखी एक कात्री आहे. ग्रामीण किनाऱ्यावर सीआरझेडचा साधारण नियम भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम अडवतो. ‘बीच टच’ लिहून भाव वाढवायचा आणि तिथे घर बांधता येत नाही हे घेणाऱ्याला नंतर कळायचं, अशाने उद्या फसवणुकीची तक्रार विकणाऱ्यावरच होऊ शकते.

पहिला व्यवहार घरात

सर्वात जास्त व्यवहार अडतात ते नावांवर. आजोबांच्या नावावरची वाडी, खाली सात-आठ वारस, कुणी बोरिवलीला, कुणी परदेशात. 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलाइतकाच हक्क आहे. आत्याला, बहिणीला न विचारता एकाने जाहिरात टाकली, तर पहिला फोन गिऱ्हाइकाचा नाही, तिचाच येतो. आधी वारसनोंद, मग वाटप किंवा सगळ्यांची लेखी संमती, मग मोजणी आणि येण्याजाण्याची वाट. त्यानंतर फोटो. वाटणी न झालेल्या वाडीतला ‘माझा तुकडा’ विकायला काढणाऱ्याने तुकडेबंदीचा नियमही तहसील कार्यालयात विचारून घ्यावा.

पाच-सहा प्लॉट पाडून विकणारे तर वेगळ्याच कायद्यात शिरतात. 500 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पाच गुंठे. त्यापेक्षा मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरातही करता येत नाही.

भावाचंही तेच. जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी, मिळालेली किंमत नव्हे. शेजाऱ्याची वाडी खरोखर कितीला गेली, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोनमध्ये बघता येतं. रेडीरेकनरही तिथेच आहे. एकमेकांच्या जाहिराती बघून भाव लावत गेलं, तर कागदावर सगळेच श्रीमंत आणि वाडी तशीच पडून.

टोकन आणि क्यूआर कोड

जागा न बघताच ‘घेतली’ म्हणणारा आणि टोकन देण्यासाठी क्यूआर कोड पाठवणारा गिऱ्हाईक नसतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ही एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवावी. फसलात तर लगेच 1930 वर फोन करावा. आधारकार्ड आणि मूळ दस्ताचे फोटो अनोळखी नंबरवर पाठवू नयेत. बघण्यासाठी डिजिटल सही असलेला सातबारा पुरेसा आहे, तो 15 रुपयांत मिळतो. स्थावर मिळकतीत 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेण्याला 2015 पासून बंदी आहे. तेव्हा टोकन बँकेतूनच घ्यावं.

हे सगळं केलं तर दलालाशिवाय विक्री नक्की होते, आणि पैसे घरात राहतात. पण एक गोष्ट कुठल्याच अ‍ॅपवर लिहिलेली नसते. घरातला शेवटचा सातबारा विकला की त्या कुटुंबाचा शेतकरीपणाही त्याच दस्तासोबत जायची वेळ येते. उद्या मुलाला गावाकडे परतून दोन गुंठे वाडी घ्यावीशी वाटली, तर कलम 63 त्याच्याच आड येईल. म्हणून ‘रिकामी जागा’ असं टाईप करण्यापूर्वी, निदान एवढा तरी विचार घरात सगळ्यांनी बसून केलेला बरा.