साठवलेल्या पाण्याचा दंड

कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये डेंगीला साथरोग घोषित केले आणि डासांची पैदास आढळल्यास शहरी घरास ४०० रुपये, तर बांधकामाच्या जागेस २ हजार रुपये दंड ठरविला. तोवर राज्यातील रुग्णसंख्या २५ हजारांवर गेली होती. सरकारने हालचाल केली हे मान्य; मात्र हे नियम बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीत लावून पाहिले की त्यांतील विसंगती उघडी पडते.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये शहरात भीषण पाणीटंचाई होती. कूपनलिका आटल्या होत्या आणि मारतहळ्ळी-व्हाइटफील्डचा पट्टा टँकरवर जगत होता. माहिती तंत्रज्ञानातील नोकरीसाठी तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही मिळेल त्या पिंपात पाणी भरून ठेवीत होती. डेंगी पसरविणारा एडीस डास वाढतो तो अशाच साठवणीच्या स्वच्छ पाण्यात. ज्या व्यवस्थेने नळाला पाणी दिले नाही, तीच उघड्या पिंपाची पावती फाडू लागली. कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले ते ऑक्टोबरात, दंडाच्या घोषणेनंतर.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय. संसदेत डेंगीचा प्रश्न निघाला की केंद्राचे उत्तर बहुधा याच वाक्याने सुरू होते. मग नागरिकाच्या हाती उरते मलम आणि लसीची आशा. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेले 'डेपा' हे डासरोधक उपयुक्त आहे. पण एडीस दिवसा चावतो आणि मलम लावले जाते रात्री. देशी डेंगी लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. विषाणूच्या चारही प्रकारांना आवर घालायचा असल्याने येथे घाई परवडणारी नाही. फिलिपाइन्सला २०१७ मध्ये शालेय लसीकरण थांबवावे लागले होते. मारतहळ्ळीच्या पूर्वेस असलेल्या कोलारमध्ये १९८०च्या दशकात मिळालेल्या जपानी मेंदूज्वराच्या विषाणूपासून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साह्याने बनलेली लसदेखील २०१३ मध्येच बाजारात आली.

तोवर पाणी, गटारे आणि अर्धवट इमारतींचे खड्डे यांचा जाब कोणी विचारायचा? महापालिका सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्येच संपली होती. २०२४ च्या साथीत मारतहळ्ळीच्या रहिवाशांच्या दारी दंडाची पावती घेऊन येणारा कर्मचारी होता. ज्याच्याकडे तक्रार न्यावी असा नगरसेवक नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये पालिकेचे पाच तुकडे झाले, तेही प्रशासकांच्याच राजवटीत.