त्रेपन्न की पन्नास तीन?

आमच्या घरात मोजणी दोन भाषांत चालते. आमच्या नातीची दादी धुण्याचे कपडे मोजते ती उनतीस, तिरपन, पैंसठ अशी. शाळेत गुरुजी सांगतात एकोणतीस, त्रेपन्न, पासष्ट. चंद्रपुरातल्या आमच्यासारख्या बहुतेक घरांत असेच असेल. मोठ्यांना त्यात काही वाटत नाही. सात वर्षांच्या मुलीला मात्र एका आकड्याची दोन नावे पाठ करावी लागतात, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

२०१९ च्या जूनमध्ये शाळा उघडली आणि आमची नात दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक घेऊन घरी आली. संध्याकाळी ओसरीवर बसून तिने ५३ हा आकडा मोठ्याने वाचला, ‘पन्नास तीन’. आम्ही हसलो. नुसते हसून थांबलो असतो तरी चालले असते, पण वर म्हणालो, ‘‘बेटी, दुकानात जाऊन पन्नास तीन रुपयांची साखर माग. दुकानदार एक पुडी पन्नासची देईल, एक तीनची!’’ सगळे घर हसले. तीही हसली आणि पुस्तक मिटून आत गेली. पुढे कितीतरी दिवस ती आमच्यासमोर आकडे मोठ्याने वाचेना.

हसणारे आम्ही एकटे नव्हतो. बालभारतीच्या त्या पुस्तकात एकवीस ते नव्याण्णव हे आकडे ‘वीस एक’, ‘सत्तर पाच’ असे वाचायची पद्धत दिली होती आणि त्यावरून राज्यभर गदारोळ उठला. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या. मराठी बुडाली, असेही लोक म्हणाले. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हाच खुलासा केला होता की जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, दोन्ही पद्धती ठेवल्या आहेत आणि जोडाक्षरांनी भरलेल्या या शब्दांमुळे लहान मुलांना गणिताची धास्ती बसते. हा खुलासा वाचायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. आम्हालाही नव्हती.

आमचे डोळे उघडले ते सिरोंच्यात. एका नात्यातल्या निकाहसाठी गेलो होतो. गडचिरोली जिल्ह्याचे ते दक्षिणेचे टोक. प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते, पलीकडे तेलंगणा. बाजारात मराठीपेक्षा तेलुगूच जास्त कानावर पडते. एका दुकानात गल्ल्यावर बसलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा सुटे पैसे मोजत होता. ‘याभै मूडु’ म्हणाला आणि पैसे बापाच्या हातात ठेवले. आम्ही विचारले, म्हणजे किती? त्याने समजावले, याभै म्हणजे पन्नास, मूडु म्हणजे तीन.

पन्नास तीन! ज्या शब्दावर आम्ही नातीला हसलो, तोच हा मुलगा आईच्या भाषेत सहज बोलत होता. पस्तीसला तो म्हणतो ‘मुप्पै ऐदु’, तीस पाच. वीसच्या पुढे दहाई आणि एकक माहीत असले की त्याचे काम झाले. कन्नड आणि तमिळ मुलांचेही तसेच.

परतताना गाडीत बसून आम्ही मनातल्या मनात मराठीचे आकडे तपासले. ‘तीन’ हा एकच शब्द घ्या. तेवीसमध्ये तो ‘ते’ होतो, त्रेचाळीसमध्ये ‘त्रे’, त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’. सत्तरचे मध्येच ‘हत्तर’ होते. पन्नासचे कुठे ‘पन्न’, तर कुठे ‘वन्न’ : चौपन्न, छप्पन्न आणि लगेच सत्तावन्न. मुलाने नियम शोधायला जावे तर नियम हातात येऊन निसटतो. शेवटी पाठांतराशिवाय गत्यंतर उरत नाही.

त्यात क्रमाची अडचण वेगळीच. पस्तीस म्हणताना आधी पाच येतो, मग तीस. लिहिताना आधी तीन, मग पाच. ऐकले तसे लिहिणारे मूल ५३ लिहून मोकळे होते आणि आपण त्याला ढ म्हणतो. एकोणतीसची गंमत आणखी वेगळी. तीसला एक कमी म्हणून एकोणतीस. कानावर तीस पडते, पण लिहायचे दोन आणि नऊ. दादीचे उनतीसही त्याच घडणीचे.

आता कुणी म्हणेल, हे शब्द मग चुकीचे आहेत का? मुळीच नाही. वजाबाकीने मोजण्याची रीत फार जुनी आहे. कुरआन शरीफमध्ये सूरह अन्कबूतमध्ये हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांचा आपल्या कौमेतला काळ हजार वर्षांतून पन्नास वजा करूनच सांगितला आहे. अल्लाहची नव्याण्णव नावे आपण घेतो, तो आकडाही अरबीत ‘नऊ आणि नव्वद’ असाच बोलला जातो, आधी एकक, मग दहाई. उर्दूत आपण उजवीकडून लिहितो, पण आकडे मात्र डावीकडून. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी हिंदुस्थानी अंकांच्या हिशेबावर किताब लिहिली. त्या अंकांची लिहायची रीत जगभर एकच झाली, पण बोलायची रीत ज्या त्या भाषेची राहिली. तेव्हा कुठला एक क्रम पवित्र आणि दुसरा हास्यास्पद, असे काही नाही.

सरकारने आकड्यांची बोलण्याची रीत बदलणे हेही जगात नवीन नाही. नॉर्वे देशात पूर्वी ‘एक आणि वीस’ असे म्हणत. टेलिफोनवर नंबर सांगताना घोटाळे होत, म्हणून १९५१ मध्ये तिथल्या संसदेने ‘वीस एक’ ही रीत ठरवली. शाळेत, रेडिओवर, कचेऱ्यांत ती लागू झाली. तरी आज सत्तर वर्षांनंतरही कितीतरी लोक घरात जुन्या रीतीने मोजतात. त्यांची भाषा बुडाली नाही आणि सरकारचा हुकूमही पूर्णपणे घरात शिरला नाही.

आमच्या दोन जिल्ह्यांकडे पाहिले की हा प्रश्न कोटी करून सोडून देण्याचा राहत नाही. भामरागड, एटापल्लीकडच्या गोंडी घरातले मूल घरी उंदी, रंड, मुंद म्हणत वाढते. मुलचेरा, चामोर्शीकडे बंगाली वस्त्या आहेत, त्यांचे आकडेही आपल्यासारखेच वाकडेतिकडे. सिरोंच्याचे मूल तेलुगू. ही सगळी मुले सहाव्या वर्षी मराठी शाळेत बसतात आणि त्यांच्यापुढे शंभर शब्दांची ही भिंत उभी राहते. बेरीज-वजाबाकी त्या भिंतीपलीकडे असते. किती मुले अलीकडेच थांबून ‘मला गणित येत नाही’ असे स्वतःबद्दल ठरवून टाकत असतील! खरे तर त्यांना गणित कळत असते, अडलेले असते ते नुसत्या नावापाशी.

पण भिंत पाडून टाका, असेही आम्ही म्हणणार नाही, कारण बाजार त्या भिंतीच्या पलीकडेच भरतो. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर जाऊन पाहा. पहाटे रानात जाऊन आणलेली पाने, त्यांचे बांधलेले पुडे, समोर वही घेतलेला मुन्शी. तो ‘त्रेसष्ट पुडे’ म्हणतो, ‘साठ तीन’ म्हणत नाही. त्रेसष्ट ऐकून ६३ डोळ्यांपुढे आले नाही, तर ३६ लिहिलेले त्या बाईला कसे ओळखता येणार? एसटीचे तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, फोनवर सांगितलेला नंबर, सगळीकडे जुनेच शब्द आहेत. ते ज्याला येत नाहीत, तो दुसऱ्याच्या इमानावर जगतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की ‘पन्नास तीन’ ही शिडी समजावी. सातव्या वर्षी मुलाने तिच्यावर पाय ठेवून वर चढावे. त्रेपन्न हा शब्द शिकवायचे काम मात्र एकट्या पुस्तकावर टाकू नये, तो घरातून आणि बाजारातून यावा. आपण तो तसाच शिकलो, अब्बांबरोबर दुकानात बसून, अम्मीने अंडी मोजायला सांगितली म्हणून.

सिरोंच्याहून आलो त्या रात्री नातीला जवळ बोलावले आणि माफी मागितली. तिला आधी कळलेच नाही कशाची. मग ‘याभै मूडु’ची गोष्ट सांगितली तेव्हा तिचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे तिकडची सगळी मुले माझ्यासारखीच म्हणतात?’’ असे तिने दोनदा विचारले. दुसऱ्या दिवसापासून घरात एक खेळ सुरू झाला. तिने आकडा लिहायचा आणि तीन नावांनी हाक मारायची : पन्नास तीन, शाळेचे त्रेपन्न, दादीचे तिरपन. नमाजनंतरच्या तस्बीहचे तेहतीस, तेहतीस आणि चौतीस तिने असेच पक्के केले. दिवाळीच्या सुटीपर्यंत पहिले नाव तिच्या तोंडून आपोआप गळून पडले. आम्हाला सांगावेही लागले नाही.

आपल्या घरी दुसरीतले मूल ‘सत्तर पाच’ असे वाचत असेल, तर ‘चूक’ म्हणू नका. ‘बरोबर, त्यालाच बाजारात पंचाहत्तर म्हणतात’ असे म्हणा आणि खरोखरच पिशवी देऊन त्याला बाजारात पाठवा. हसायचेच असेल तर आमच्या नातीच्या ताज्या प्रश्नावर हसा. ८९ ला एकोणनव्वद म्हणायचे की नव्याऐंशी? दोन्ही शब्द मराठीत चालतात. घरात दोन तट पडले आहेत आणि दादी तिसऱ्याच बाजूला आहे. ती म्हणते, नवासी.