साहस संसारी माणसाचेही



‘साहस हा बिनसंसारी तरुणांचा छंद’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत सातारा-सांगलीच्या मातीत टिकत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतली पगाराची नोकरी सोडली, बेळगावात सायकली विकल्या, मग लोखंडी नांगर घडवले. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षे गेली! पुढे तिथला कारखानाही हलवावा लागला. तेव्हा त्यांची चाळिशी उलटलेली, पदरी मुलेबाळे. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी आताच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. इतका धीर धरणाऱ्याला बेफिकीर कसे म्हणावे?

आणि साताऱ्याची गिर्यारोहक प्रियांका मोहिते? एव्हरेस्ट तिने २०१३ मध्येच सर केले होते. २०२१ मध्ये अन्नपूर्णा शिखर गाठले, तेही बंगळुरूतली नोकरी सांभाळून.

— एक वाचक, कराड