विश्लेषण : पीसी गेमरनी ‘विंडोज १०’ आता सोडावे का?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तरीही अनेक गेमरनी आपला पीसी जुन्याच विंडोजवर ठेवला आहे. ‘गेम नीट चालतोय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा त्यांचा सवाल अगदीच गैरलागू नाही. ‘विंडोज ११’ने आल्यापासून गेमरना डोकेदुखीही पुरेशी दिली आहे. मात्र, ही चर्चा बहुतेक वेळा एफपीएस किती वाढतात किंवा किती घटतात, याभोवतीच फिरते. माझ्या मते निर्णय त्यावर घ्यायचाच नाही. तुम्ही खेळता तो गेम कोणत्या अटी घालतो आणि त्याच पीसीवर गेमशिवाय आणखी काय काय आहे, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

सपोर्ट संपला म्हणजे नेमके काय झाले?

जुलै २०१५ मध्ये आलेले ‘विंडोज १०’ बंद पडलेले नाही. पीसी सुरू होतो, स्टीम उघडते, गेमही चालतो. फरक इतकाच, की यापुढे सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी त्यात आपोआप बुजवल्या जाणार नाहीत. ‘विंडोज १०’ आणि ‘विंडोज ११’चा बराचसा गाभा सारखाच आहे. त्यामुळे ‘११’साठी दर महिन्याला येणारे अपडेट पाहून ‘१०’मध्ये भगदाड कुठे आहे, याचा अंदाज हल्लेखोरांना बांधता येतो. म्हणजे धोका पहिल्या दिवशी दिसत नाही. तो महिन्यागणिक वाढत जातो.

यावर मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची सवलत दिली आहे. ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ म्हणजेच ‘ईएसयू’ योजनेत नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी तीन पर्याय आहेत : मायक्रोसॉफ्ट खात्यात पीसीच्या सेटिंग्जचा बॅकअप ठेवणे, एक हजार ‘रिवॉर्ड्स’ गुण वापरणे किंवा ३० डॉलर भरणे. पीसीवर ‘विंडोज १०’ची ‘२२एच२’ ही आवृत्ती असणे मात्र गरजेचे आहे. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावरून ही नोंदणी करता येते.

‘विंडोज ११’वर गेम वेगाने चालतात का?

बहुतेक पीसींवर जाणवेल इतका फरक पडत नाही. फ्रेम तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर करतात आणि ‘डायरेक्टएक्स १२’ दोन्ही आवृत्त्यांत आहे. ‘आरटीएक्स ३०६०’ कार्ड विंडोज बदलल्याने ‘४०६०’ होत नाही.

काही अपवाद आहेत. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या अनेक प्रोसेसरमध्ये ताकदवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात. गेमचे काम कोणत्या कोअरकडे द्यायचे, हे ‘विंडोज ११’ अधिक चांगले ठरवते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा वेग वाढवणारी एक सुधारणाही २०२४ मध्ये ‘११’साठीच आली. एचडीआर मॉनिटर असेल, तर जुन्या गेमचे रंग खुलवणारे ‘ऑटो एचडीआर’ही फक्त ‘११’मध्येच आहे. पण सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि साधा १०८० पिक्सेलचा मॉनिटर असणाऱ्याला यातले काहीच लागू होत नाही.

उलट बाजूही आहे. ‘विंडोज ११’च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे संरक्षण सहसा आधीच सुरू असते. त्यामुळे काही पीसींवर गेमचा वेग थोडा घटतो. खेळताना ते बंद ठेवता येईल आणि खेळून झाल्यावर पुन्हा सुरू करावे, असे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे. खेळताना अडचण प्रत्यक्ष जाणवत नसेल, तर ते सुरूच ठेवावे, हे माझे मत.

मग गेमर बिचकतात का?

कारण पूर्वीचा अनुभव. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘विंडोज ११’ आले, तेव्हा रायझन प्रोसेसरच्या कॅशेमधील दोषामुळे काही ई-स्पोर्ट्स गेमचा वेग १० ते १५ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे एएमडीनेच मान्य केले होते. ‘२४एच२’ ही आवृत्ती आल्यावर ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतील काही गेम अडकू लागले. ज्या पीसींवर ते गेम होते, तिथे मायक्रोसॉफ्टला अपडेट रोखून धरावे लागले. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर काही गेम मंदावले आणि एनव्हिडियाला नोव्हेंबरमध्ये तातडीचा ड्रायव्हर काढावा लागला.

हे दोष पुढे दूर झाले, पण पहिल्याच दिवशी अपडेट करणाऱ्यांना मधल्या काळात त्याची झळ बसली. यातून ‘विंडोज ११ नकोच’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘पहिल्या दिवशी नको’ एवढाच निघतो. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती घेण्यापूर्वी महिना-दोन महिने थांबावे. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट आठवडाभर थांबवून ठेवण्याची सोय विंडोजमध्येच आहे. त्याहून जास्त लांबवू नये.

अँटी-चीटचा मुद्दा निर्णायक का?

ऑनलाइन स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांसाठी खरी कळ इथे आहे. आधुनिक चीट विंडोजच्या आधीच मेमरीत शिरून लपतात. त्यांना अडवण्यासाठी गेम कंपन्या दोन गोष्टी मागू लागल्या आहेत. ‘सिक्युअर बूट’ पीसी सुरू होताना प्रत्येक टप्प्यावरील सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासते. ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप त्या तपासणीची नोंद ठेवते. नव्या पीसींत ती बहुधा प्रोसेसरमध्येच असते.

मुंबईत सर्व्हर असलेला आणि आपल्याकडे भरपूर खेळला जाणारा ‘व्हॅलोरंट’ ‘विंडोज ११’वर या दोन्ही गोष्टी मागतो. ‘बॅटलफील्ड ६’ला सिक्युअर बूट लागते. ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ७’ला दोन्ही. या सुविधा ‘विंडोज १०’वरही सुरू करता येतात, हे खरे. पण ‘विंडोज ११’साठी मायक्रोसॉफ्टच्या अटीही नेमक्या याच आहेत. गेमसाठी बायोसमध्ये हे बदल करायचेच असतील, तर अपग्रेडचे अर्धे काम तिथेच झालेले असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या अनेक पीसींत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद असते. इंटेलमध्ये ते ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. अनेकदा विंडोज जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीने टाकलेले असते, म्हणून सिक्युअर बूट सुरू होत नाही. ‘तुमचा पीसी पात्र नाही’ हा संदेश पाहून लगेच नव्या मशीनचा भाव विचारायला जाऊ नका.

ड्रायव्हर आणि स्टीम किती दिवस साथ देतील?

स्टीमने ‘विंडोज ७’ आणि ‘८’चा सपोर्ट १ जानेवारी २०२४ रोजी थांबवला. ‘विंडोज १०’वरही ती वेळ कधीतरी येणारच. एनव्हिडियाने आरटीएक्स कार्डांसाठी ‘विंडोज १०’वरील गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. ‘ईएसयू’ही त्याच महिन्यात संपते. ‘जीटीएक्स ९००’ आणि ‘१०००’ मालिकेच्या कार्डांना मात्र ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षा अपडेट मिळत आहेत. त्यामुळे ‘१०५० टीआय’ किंवा ‘१०६०’ वापरणाऱ्यांनी विंडोज बदलले, तरी नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर परत येणार नाहीत.

घरातला एकच पीसी असेल तर?

आपल्याकडे ‘अभ्यासासाठी’ म्हणून घेतलेला गेमिंग पीसी अनेकदा घरातला एकमेव पीसी असतो. त्यावरच बाबांचे नेट बँकिंग चालते, ताईचा सीईटीचा अर्ज भरला जातो, प्राप्तिकराचे विवरणपत्र जाते. त्याच पीसीवर आपण अनोळखी ठिकाणचे मॉड उतरवतो, क्रॅक चालवण्यासाठी डिफेंडर बंद करतो, ‘गेमिंगसाठी हलके’ म्हणून कोणीतरी कापून-छाटून बनवलेले विंडोज टाकतो. माहिती चोरणारे मालवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतेच, पण आधीच लॉग-इन असलेल्या खात्यांच्या कुकीजही नेते. मग त्या खात्यात शिरायला चोराला ओटीपीही लागत नाही. यात स्टीमचे खाते आणि पैसे मोजून घेतलेल्या स्किन जातातच, शिवाय आईचा ई-मेलही जातो.

‘विंडोज ११’ घेतले म्हणजे हे सारे टळते, असे नाही. स्वतःच्या हाताने चालवलेल्या क्रॅकपासून कोणतीही आवृत्ती वाचवत नाही. पण अशा सवयींना अपडेट नसलेल्या विंडोजची जोड मिळाली, की धोका दुप्पट होतो, आणि तो फक्त खेळणाऱ्यापुरता राहत नाही.

कोणी काय करावे?

ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर असेल, तर अपग्रेड करावे. मालिकेच्या नावावर विसंबू नका. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ ॲपमध्ये खात्री करा. परीक्षा किंवा स्पर्धा नसलेला आठवडा निवडा. आधी फोटो, कागदपत्रे आणि गेमच्या सेव्ह फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. रायझन असेल, तर बायोसही अद्ययावत करा. एफटीपीएममुळे गेम मध्येच अडखळण्याचा दोष एएमडीने २०२२ मध्ये बायोस अपडेटद्वारे दूर केला. डिस्क ‘एमबीआर’ असेल, तर विंडोजमधीलच ‘एमबीआर२जीपीटी’ने ती बदला आणि मगच सिक्युअर बूट सुरू करा. क्रम चुकला तर पीसी सुरू होणार नाही. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. अपग्रेडनंतर पटले नाही, तर दहा दिवसांत मागे फिरता येते.

प्रोसेसर पात्र नसेल, तर ‘ईएसयू’त नोंदणी करा आणि थांबा. अटी चुकवून ‘११’ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा पीसीला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप, तीच अधांतरी राहते. घाईने नवा पीसीही घेऊ नका. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. पहिल्या पिढीचा रायझन असणाऱ्यांना एक स्वस्त वाट आहे : अनेक ‘बी३५०’ आणि ‘बी४५०’ मदरबोर्डवर बायोस अपडेट करून ‘रायझन ५ ५६००’ बसतो. जुनी रॅमही तशीच चालते. इंटेलच्या सातव्या पिढीला ही सोय नाही.

फक्त एकट्याने खेळायचे गेम खेळत असाल, तर लिनक्सचाही विचार करावा. स्टीमच्या ‘प्रोटॉन’मुळे विंडोजचे अनेक गेम तिथे चालतात. ‘व्हॅलोरंट’, ‘फोर्टनाइट’ किंवा ‘बॅटलफील्ड ६’ खेळणाऱ्यांसाठी मात्र हा मार्ग बंद आहे.

मायक्रोसॉफ्टची बाजू कितपत पटते?

सुरक्षेचा युक्तिवाद पटतो. त्याची किंमत ग्राहकाकडून ज्या प्रकारे वसूल केली जाते, ते पटत नाही. ‘आय७-७७००’ आजही अनेक गेम आरामात चालवतो, पण पात्रतेच्या यादीत नाही. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना ‘ईएसयू’ बॅकअपची अट न घालता मोफत मिळते. भारतातील ग्राहकाने मात्र बॅकअप द्यायचा, गुण जमवायचे, नाही तर डॉलर मोजायचे. सुरक्षा त्रुटी दोन्हीकडे सारखीच असताना नियम वेगळे का, हे आपल्या ग्राहक संघटनांनी विचारायला हवे.

तोवर गेमरनी ऑक्टोबर २०२६ ही मुदत धरून चालावे. पीसी पात्र असेल, तर शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता सवडीने अपग्रेड करावे. पात्र नसेल, तर आजच ‘ईएसयू’ची नोंदणी करावी आणि घरातले बँकेचे व्यवहार त्या पीसीवरून हलवावेत.