'आपल्याला कुणीतरी गिळावं' ही फँटसी नेमकी काय असते? आणि नुसती कल्पना गुन्हा ठरू शकते का?

सप्टेंबर 2012. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या एका बाईला नवऱ्याच्या वागण्याचा संशय आला आणि तिने घरच्या कॉम्प्युटरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यातून समोर आलं की नवरा अनोळखी लोकांशी चॅट करत होता. विषय होता बायकांना पळवून नेणं, मारणं आणि शिजवून खाणं. त्या बायकांमध्ये तिचंही नाव होतं.

ती तान्ह्या मुलीला घेऊन घरातून निघून गेली आणि तिने एफबीआयला कळवलं. नवरा गिल्बर्टो व्हॅले हा न्यूयॉर्क पोलीस दलात होता. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'कॅनिबल कॉप', म्हणजे नरभक्षक पोलीस, असं ठेवलं.

व्हॅलेने कुणालाही हात लावलेला नव्हता. मग त्याला शिक्षा कशाची द्यायची? पुढची तीन वर्षं अमेरिकेतली कोर्टं या प्रश्नाशी झगडत होती. पण त्याआधी ही फँटसी काय आहे, ते समजून घेऊ.

व्होरारेफिलिया म्हणजे काय?

खाणं किंवा खाल्लं जाणं या कल्पनेतून लैंगिक उत्तेजना मिळणं, याला 'व्होरारेफिलिया' म्हणतात. लॅटिनमध्ये 'व्होरारे' म्हणजे गिळणं आणि ग्रीकमध्ये 'फिलिया' म्हणजे ओढ. इंटरनेटवर याचं छोटं रूप 'व्होर' असं आहे.

हे ऐकून डोळ्यांसमोर रक्त आणि सुरे येतात. पण यातला मोठा भाग तसा नसतो. तिथे एखादा अवाढव्य प्राणी, ड्रॅगन किंवा राक्षसी आकाराची व्यक्ती दुसऱ्याला अख्खं गिळते. जखम होत नाही, वेदना नसतात, अनेकदा गिळलेला माणूस पुढच्या चित्रात धडधाकट बाहेरही येतो. थोडक्यात, कार्टूनमध्ये घडेल असं काहीतरी. काहींना गिळणाऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना करायला आवडतं, काहींना गिळलं जाणाऱ्याच्या.

हे प्रत्यक्षात घडूच शकत नाही. त्यामुळे ही आवड असलेले लोक चित्रं, ॲनिमेशन आणि गोष्टींकडे वळतात. इंटरनेटच्या आधी अशा माणसाला आपण जगात एकटेच आहोत असं वाटणं साहजिक होतं. आता एका सर्चवर त्याला स्वतःसारखे लोक सापडतात.

मानसशास्त्र काय सांगतं?

या विषयावर संशोधन फार कमी आहे. ॲमी लायकिन्स आणि जेम्स कँटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये एका पुरुषाची केस स्टडी प्रसिद्ध केली. आपल्याला एका प्रचंड आकाराच्या, हुकूमत गाजवणाऱ्या स्त्रीने गिळावं, अशी त्याची फँटसी होती. संशोधकांनी ती मॅसोकिझमशी, म्हणजे स्वतः शरण जाण्यातून किंवा सोसण्यातून मिळणाऱ्या उत्तेजनेशी, जोडून पाहिली.

म्हणजे इथे भूक हा मुद्दा नाही. मुद्दा आहे सत्तेचा. एकाच्या हातात सगळं आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. दुसऱ्यात पूर्ण विरघळून जाण्याची, स्वतःची सगळी जबाबदारी सोडून देण्याची ओढ त्यात असू शकते. पण एका केसवरून सगळ्यांबद्दल नियम काढता येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि 'विचित्र' हा शब्दही जपून वापरावा लागतो. कॅनडातल्या क्युबेकमध्ये 1,516 प्रौढांना 55 वेगवेगळ्या लैंगिक फँटसींबद्दल विचारलं गेलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आकडेवारीच्या हिशेबाने खरोखर दुर्मीळ ठरल्या फक्त 2. चारचौघांत न बोलल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी डोक्यात मात्र अनेकांच्या असतात.

ही कल्पना येते कुठून?

गिळलं जाण्याची भीती ही माणसाच्या सगळ्यात जुन्या भीतींपैकी एक. ग्रीक पुराणात क्रोनस स्वतःची मुलं गिळतो. आपल्याकडे अघासुर अजगराचं रूप घेऊन कृष्णाला आणि सवंगड्यांना गिळतो आणि हनुमान सुरसेच्या तोंडात शिरून बाहेर येतो. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकताना आपणही श्वास रोखून धरला होताच.

फ्रेंच लेखक शार्ल पेरोने 1697 मध्ये लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट छापली. तिच्यात लांडगा मुलीला खातो आणि वाचवायला कुणीच येत नाही. शेवटी पेरो तात्पर्य देतो की मुलींनी गोड बोलणाऱ्या अनोळखी पुरुषांपासून सावध राहावं. म्हणजे खाणं आणि लैंगिकता यांचं नातं तेव्हाही लेखकाला आणि वाचकांना कळत होतं.

आपली रोजची भाषाही तेच करते. आवडणारी व्यक्ती 'गोड' असते. रस्त्यावरचा माणूस 'डोळ्यांनी खातो'. रागावलेला माणूस 'खाऊ की गिळू' करत बघतो. प्रेम, वासना आणि राग या तिन्हींसाठी आपण स्वयंपाकघरातले शब्द उसने घेतो. बहुतेकांसाठी ही फक्त बोलण्याची पद्धत असते. काही थोड्यांच्या मनात तिचं फँटसीत रूपांतर होतं. ते का होतं, याचं एकच असं ठाम उत्तर नाही.

मग हा आजार आहे का?

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-5' या 2013 च्या मार्गदर्शक ग्रंथाने एक महत्त्वाचा फरक केला. वेगळी लैंगिक आवड असणं ही एक गोष्ट आणि त्या आवडीचा विकार होणं ही दुसरी. आवडीमुळे त्या माणसाला खूप त्रास होत असेल, त्याचं रोजचं जगणं बिघडत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल किंवा तसा धोका असेल, तरच तो विकार.

आणखी एक गोष्ट. नको असताना डोक्यात घुसणारे हिंसक विचार, ज्यांची स्वतःलाच किळस आणि भीती वाटते, ते फँटसी नसतात. ते ओसीडीचं लक्षण असू शकतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

कल्पना ओलांडली जाते तेव्हा

या विषयाची चर्चा निघाली की एक नाव येतंच. जर्मनीतल्या रोटेनबुर्गजवळ राहणारा आर्मिन माइवेस. आपल्याला खाल्लं जावं अशी इच्छा असलेला माणूस तो इंटरनेटवर शोधत होता. तसा एक माणूस बर्लिनहून त्याच्याकडे आला. मार्च 2001 मध्ये माइवेसने त्याला मारलं आणि त्याचं मांस खाल्लं. पुढे इंटरनेटवरच्या त्याच्या नव्या जाहिराती ऑस्ट्रियातल्या एका विद्यार्थ्याच्या नजरेस पडल्या आणि डिसेंबर 2002 मध्ये त्याला अटक झाली.

जर्मनीच्या कायद्यात नरभक्षणाचा वेगळा गुन्हाच नव्हता. मेलेल्याची संमती होती, असा बचाव झाला. 2004 मध्ये कोर्टाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरवून साडेआठ वर्षं दिली. वरच्या कोर्टाने खटला पुन्हा चालवायला लावला आणि 2006 मध्ये खून सिद्ध होऊन जन्मठेप झाली. 'हो' म्हटलं म्हणून कुणाचा जीव घेता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

व्हॅलेचं प्रकरण याच्या उलट होतं. त्याने 24 जणांशी चॅट केलं होतं. त्यातले 21 संवाद निव्वळ फँटसी होते, हे सरकारी पक्षालाही मान्य होतं. उरलेले तीन 'खरे' कशावरून? तोच तपशील, तीच भाषा. ठरवलेल्या तारखा येऊन गेल्या, काहीच घडलं नाही, आणि ती माणसं एकमेकांना कधी भेटलीही नाहीत.

मार्च 2013 मध्ये ज्युरीने त्याला अपहरणाच्या कटात दोषी ठरवलं. 2014 मध्ये न्यायाधीश पॉल गार्डेफी यांनी तो निकाल रद्द केला आणि डिसेंबर 2015 मध्ये अपील कोर्टाने 2 विरुद्ध 1 मतांनी तो रद्दच ठेवला. तोवर व्हॅलेने दीड वर्षाहून जास्त काळ कोठडीत काढला होता.

पण म्हणून व्हॅले बिचारा ठरतो का? नाही. त्याच्या चॅटमधली नावं काल्पनिक नव्हती. बायको, कॉलेजच्या मैत्रिणी, ओळखीच्या बायका. त्यातल्या एकीची माहिती त्याने पोलिसांच्या डेटाबेसमध्ये काढून पाहिली होती. तिच्या जागी तुम्ही असता तर कोर्टाचा निकाल वाचून रात्री झोप लागली असती? या बायकांची भीती पूर्णपणे खरी होती. ती भीती खरी होती आणि कटाचा पुरावा नव्हता, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. या केसचा अवघडपणा तिथेच आहे.

आपण रेष कुठे आखायची?

किळस येणं हा पुरावा नसतो. ड्रॅगनने गिळल्याचं चित्र पाहणारा माणूस आणि माइवेस यांना एकाच रांगेत उभं केलं, तर खरा धोका ओळखणंच अवघड होतं. प्रश्न डोक्यात काय आहे हा नाही. खऱ्या माणसाचं नाव आलं का? त्याच्या फोटोचा किंवा माहितीचा वापर झाला का? पत्ता शोधला, पाठलाग केला, भेट ठरवली का? समोरची व्यक्ती अल्पवयीन आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर ती आता नुसती फँटसी राहिलेली नाही.

आणि यातलं काही तुमच्या स्वतःच्या मनात असेल, त्याचा त्रास होत असेल, किंवा खरोखर जीव द्यावासा वाटत असेल, तर एकट्याने कुढत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांनी यापेक्षा अवघड गोष्टी ऐकलेल्या असतात. सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.