चूक खटकली पाहिजे!

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कितीजण चित्रकथा वाचतात असे विचारले तर बहुतेक सगळे हात वर होतील. त्यावरून घरी किंवा शाळेत कितीजणांना बोलणी खावी लागली असे विचारले, तर जवळजवळ तेवढेच हात पुन्हा वर होतील. इंद्रजाल कॉमिक्समधले फँटम आणि मँड्रेक पाठ्यपुस्तकात लपवून वाचणारी पिढी आज तुमच्या आईवडिलांच्या आणि शिक्षकांच्या जागी आहे. तरीही बोलणी काही चुकलेली नाहीत. चित्रकथांनी डोके बिघडते, भलत्यासलत्या कल्पना मनात शिरतात, असा त्यामागचा समज आहे.

माझी तक्रार निराळीच आहे. चित्रकथेचा खरा शौकीन आपली चित्रकथा जितक्या काटेकोरपणे तपासतो, तितक्या काटेकोरपणे तो पदार्थविज्ञानातले आपले उत्तर तपासत नाही! हे पटवून देण्यासाठी एका कालप्रवासी चित्रकथामालेची आणि तिच्या वाचकांची हकीकत आधी सांगतो.

हजार वर्षांपुढचे मित्र

सुपरमॅन तुम्हाला माहीत आहेच. त्याच्या शाळकरी वयातल्या पराक्रमांच्या गोष्टी अमेरिकेत 'सुपरबॉय' या नावाने छापल्या जात. १९५८ साली 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या २४७ व्या अंकात अशी एक गोष्ट आली की तीन अनोळखी मुले सुपरबॉयला भेटतात, आणि ती असतात तिसाव्या शतकातली. अद्भुत शक्ती असलेल्या मुलांचे एक मंडळ त्यांनी आपल्या काळात काढलेले असते. कालयंत्राच्या साहाय्याने ती सुपरबॉयला तेथे घेऊन जातात आणि मंडळाचा सभासद करून घेतात. या मंडळाचे नाव 'लीजन ऑफ सुपर-हीरोज'. मंडळ वाचकांच्या पसंतीस उतरले, पुन्हा पुन्हा अवतरू लागले आणि १९६२ मध्ये त्याची स्वतंत्र मालाच सुरू झाली.

या मालेचे वाचक नुसते वाचून स्वस्थ बसणारे नव्हते. अंकात वाचकांच्या पत्रांसाठी खास पान असे. नवा नायक कोणता असावा, त्याची शक्ती कोणती असावी, हे मुले पत्रांतून सुचवीत. मंडळाचा पुढारी कोण, हे ठरवण्यासाठी वाचकांची मतेही मागवली जात. पिट्सबर्गच्या जिम शूटर या मुलाने तर वयाच्या तेराव्या वर्षी, १९६५ मध्ये, स्वतः लिहून चितारलेली एक आख्खी कथाच संपादकांकडे टपालाने धाडली. ती संपादकांनी घेतली आणि १९६६ साली छापली. हाच मुलगा पुढे १९७८ ते १९८७ या काळात 'मार्व्हल' या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनसंस्थेचा मुख्य संपादक होता.

आता कालप्रवासाची गोष्ट म्हटली की अडचणी आल्याच. सुपरमॅनची चुलत बहीण सुपरगर्ल पृथ्वीवर येते तेव्हा सुपरमॅन चांगला मोठा झालेला असतो आणि तो तिला ओळखत नाही. ही कथा १९५९ सालची. पण पुढे सुपरगर्लही तिसाव्या शतकात जाऊन त्याच मंडळाची सभासद होते, आणि तेथे तिची गाठ शाळकरी सुपरबॉयशी पडते! मग जी व्यक्ती आपल्याला लहानपणीच भेटली होती, तिला सुपरमॅन मोठेपणी कसा ओळखत नाही? यावर लेखकांनी तोड काढली ती अशी: मंडळातली मनकवडी मुलगी सॅटर्न गर्ल संमोहनाने अशी व्यवस्था करते, की आपल्या काळात परतल्यावर सुपरबॉयला सुपरगर्लची आठवणच राहू नये.

ही अडचण किरकोळ म्हणावी अशी दुसरी अडचण १९८६ मध्ये उभी राहिली. प्रकाशकांनी सुपरमॅनचे चरित्र नव्याने लिहायला घेतले आणि जाहीर केले की सुपरमॅन लहानपणी कधी सुपरबॉय नव्हताच. झाले! ज्या सुपरबॉयच्या कीर्तीवरून तिसाव्या शतकातल्या मुलांनी स्फूर्ती घेतली, तोच जर झाला नाही, तर मंडळ निघाले कसे? अठ्ठावीस वर्षांच्या कथांचा पायाच निखळला. मालेचे वाचक अस्वस्थ झाले. मालेचे त्या वेळचे लेखक पॉल लेव्हिट्झ हे स्वतः किशोरवयात चित्रकथाप्रेमींसाठी पत्रिका काढणारे. त्यांनाही हे खटकणे साहजिक होते. शेवटी १९८७ साली खुलासा आला. काळाच्या अगदी टोकाशी राहणाऱ्या एका खलनायकाने एक छोटेसे वेगळे विश्व निर्माण केलेले असते. मंडळातली मुले भूतकाळात जायला निघाली की तो त्यांना गुपचूप त्या विश्वात वळवी. त्यांचा सुपरबॉय त्या विश्वातला होता! तरीही पुढे गुंता वाढतच गेला, आणि १९९४ मध्ये प्रकाशकांनी पाटी पुसून मंडळाचा इतिहास पहिल्यापासून नव्याने सुरू केला.

कोरे पाकीट

मार्व्हलच्या चित्रकथांतही चुका होत. १९६० च्या दशकात त्यांचे संपादक स्टॅन ली यांनी चुका दाखवणाऱ्या वाचकांसाठी 'नो-प्राइज', म्हणजे 'बक्षीस नाही' या नावाचे बक्षीस थट्टेने सुरू केले. १९६७ पासून विजेत्यांना टपालाने एक पाकीट येऊ लागले. पाकिटात अस्सल नो-प्राइज आहे असे वर छापलेले, आणि आत काहीच नाही! पुढे नियम जरा कडक झाला. नुसती चूक दाखवून भागेना. वरवर चूक दिसणारी गोष्ट वास्तविक चूक का नाही, हे वाचकाने पटवून द्यायचे.

मित्रहो, या वाचकांचे मला कौतुक वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी काय छापले होते ते ध्यानात ठेवणे, आजच्या गोष्टीशी ते ताडून पाहणे, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत हे दिसताच स्वस्थ न बसणे, ही विज्ञानाची पहिली पायरी आहे. आईन्स्टाइन सोळाव्या वर्षी, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयात, अशाच एका विसंगतीने अस्वस्थ झाले होते. प्रकाशाच्या किरणामागून आपण प्रकाशाच्याच वेगाने धावलो तर काय दिसेल? जागच्या जागी थबकलेली लाट दिसली पाहिजे. पण तशी लाट तर अनुभवात नाही आणि मॅक्सवेलच्या समीकरणांतही बसत नाही. या खटकण्यातून पुढे १९०५ साली विशिष्ट सापेक्षता सिद्धांत जन्माला आला.

कालप्रवास म्हणजे शुद्ध थाप, असे कोणी म्हणेल. तेही सर्वस्वी खरे नाही. वेगाने जाणाऱ्या घड्याळाची गती मंदावते हे याच सिद्धांताने सांगितले, आणि १९७१ मध्ये हाफेले व कीटिंग या शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली तेव्हा फरक सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजता आला. म्हणजे भविष्याकडे किंचित लवकर जाणे निसर्गाला मान्य आहे. भूतकाळात जाण्याची गोष्ट वेगळी. त्याचा काहीही पुरावा नाही, आणि तेथे आडवी येणारी विसंगती नेमकी लीजनच्या वाचकांना खटकली तीच आहे: मागे जाऊन कारणच पुसले तर कार्याचे काय? निसर्गाचे नियमच असा प्रवास होऊ देत नसावेत, असे अनुमान स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली मांडले.

नेपच्यून आणि व्हल्कन

मात्र एका बाबतीत मी या चाहत्यांच्या बाजूने नाही. चूक दिसल्यावर ते जो खुलासा शोधतात, तो कथा कशीबशी वाचवण्यासाठी असतो. छोट्या वेगळ्या विश्वाचा खुलासा खोटा ठरवता येईल का? नाही. कारण कथा लिहिणारा लेखकच आणि पुरावा निर्माण करणाराही लेखकच. कथेत हे चालते. विज्ञानात चालत नाही, आणि तेथे काय लागते हे एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या दोन खुलाशांवरून चांगले समजते.

युरेनस हा ग्रह गणिताने ठरलेल्या जागी सापडत नसे. लव्हेरिए यांनी म्हटले, पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असेल. त्या ग्रहाची जागाही त्यांनी गणिताने काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला!

पुढे बुधाच्या कक्षेतही बारीकसा फरक आढळला. शंभर वर्षांत एका अंशाचा जेमतेम चौऱ्याऐंशीवा भाग, एवढाच. १८५९ साली लव्हेरिए यांनी तोच खुलासा पुन्हा वापरला: बुध आणि सूर्य यांच्यामध्ये आणखी काही वस्तुमान असले पाहिजे. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन असे नावही मिळाले. सूर्यग्रहणांच्या वेळी दुर्बिणी लावून त्याचा शोध झाला. व्हल्कन काही खात्रीने दिसला नाही. अखेर १९१५ मध्ये आईन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून तो फरक बरोबर निघाला आणि व्हल्कनची गरजच संपली.

माणूस तोच, खुलाशाची रीत तीच. पण दोन्ही वेळा दुर्बिणीला विचारले गेले, आणि दुर्बिणीने एकदा होय म्हटले व एकदा नाही. आपल्या आवडत्या नायकाला वाचवण्याची ओढ शास्त्रज्ञालाही असते. फरक एवढाच, की निसर्ग त्याच्या पसंतीला भीक घालत नाही.

१३,८०० अँपिअर!

आता माझ्या तक्रारीकडे वळतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॉटच्या दिव्यातून किती विद्युतप्रवाह वाहतो, हा साधा प्रश्न घ्या. उत्तर सुमारे ०.२६ अँपिअर. भागाकाराऐवजी गुणाकार केला की उत्तर येते १३,८०० अँपिअर. चूक कोणाकडूनही होईल. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. दुःख याचे, की उत्तरपत्रिकेत ते १३,८०० खाली दोन रेघा मारून, ठसठशीतपणे लिहिलेले असते! पाणी तापवायचा २००० वॉटचा गीझरसुद्धा नऊ अँपिअरच्या आत काम भागवतो, मग एका दिव्याला हजारो अँपिअर कसे लागतील, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडत नाही. नायकाच्या अंगरख्याचा रंग बदलला तर त्याच मुलाला तो तत्काळ खटकला असता.

असे का होते? चित्रकथेतले जग तो आपले मानतो, आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक परीक्षकाचे मानतो. आपल्या जगातली विसंगती खुपते. दुसऱ्याच्या जगाशी आपल्याला काय करायचे? वास्तविक दिवा, गीझर आणि वीज हेच तर आपले जग आहे.

शिवाय कधी कधी गणित अचूक असूनही उत्तर अशक्य येते. १० लाख व्होल्टचा विभवांतर पार केलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग गतिज ऊर्जेच्या शाळेतल्या सूत्राने काढा. तो सेकंदाला जवळजवळ ६ लक्ष किलोमीटर येईल. प्रकाशाचा वेग तर ३ लक्ष! येथे ज्याला खटकत नाही तो पुढच्या गणिताकडे वळतो. ज्याला खटकते त्याच्या हाती सापेक्षता सिद्धांताचे दार लागते. खरा वेग सुमारे २ लक्ष ८२ हजार किलोमीटर आहे, आणि तो काढायला सूत्रच बदलावे लागते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. आठवड्यातून एकदा फळ्यावर मुद्दाम अशक्य उत्तराचे एक उदाहरण लिहा, आणि ते उत्तर का शक्य नाही हे वर्गाला शोधू द्या. पटणारे कारण सांगणाऱ्याला खुशाल कोरे पाकीट बक्षीस द्या. अभ्यासक्रम पुरा होत नाही, वेळ कोठून आणायचा, असे कोणी म्हणेल. पाच मिनिटांचे काम आहे, आणि जे मूल स्वतःची चूक स्वतः पकडू लागते त्याला तीच चूक समजावण्यात आपले पुढचे तास खर्ची पडत नाहीत.

आणि विद्यार्थी मित्रहो, चित्रकथा अवश्य वाचा. त्यांतल्या चुका शोधा, मित्रांशी वाद घाला. पण ती नजर गणिताच्या वहीकडेही वळवा. उत्तर आले की स्वतःला तीन प्रश्न विचारा: याचे एकक बरोबर आहे का? एवढी मोठी किंवा एवढी लहान संख्या व्यवहारात संभवते का? हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे, आणि ते मला पाहता येईल का? तिसरा प्रश्न लेखकाला विचारून सुटत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागते.

सुरुवात याच लेखापासून करा. वर दिलेले आकडे कागदपेन्सिल घेऊन पडताळून पाहा, आणि एखादा खटकला तर संपादकांना जरूर पत्र लिहा. पत्रात कारण मात्र द्यायचे!